'सुपडू' या नावाचं काय करावं?

मेहरूणचं बोर: खानदेशातल्या आजीने सांगितलेल्या आठवणी परदेशात वाढलेल्या भाचरांसाठी इंग्रजीत करते आहे. पहिल्याच पानावर अडले. "माझ्या पाठीवर सुपडू झाला." नाव तसंच ठेवलं तर मुलांना त्यातलं काहीच कळणार नाही. धान्य पाखडायचं साधन असा अर्थ दिला तर आजीच्या भावाची चेष्टा होते. त्यात एका मैत्रिणीने ठासून सांगितलं की हे 'सुपुत्र'चं बोबडं रूप आहे. खरं काय?

निवृत्त मास्तर: सुपुत्राचा काही संबंध नाही. सुपडं म्हणजे सूप, आणि सूप आलं 'शूर्प'वरून. लागोपाठ मुलं दगावली की पुढचं बाळ सुपात घालून शेजारणीच्या ओटीत द्यायचं आणि सव्वा पैसा मोजून परत विकत घ्यायचं. पोर आपलं नव्हेच, विकतचं आहे, असं मृत्यूला भासवायचं. माझ्या पहिल्या वर्गाच्या हजेरीपटावर दोन सुपडू होते, एक दगडू आणि तीन भिका.

शिरपूरचा: माझे वडील उखर्डू. उखर्डा म्हणजे उकिरडा. मोठी माय सांगे, "तुना बापले उखर्डावर ठेवेल व्हतं." नोकरीत कुणीतरी त्यांचं 'उत्तम' केलं. सातबाऱ्यावर उखर्डू, पेन्शनच्या कागदावर उत्तम. दोन्ही माणसं एकच, हे प्रतिज्ञापत्रावर लिहून देताना त्यांचा हात थरथरत होता. ते उत्तमला कधी ओ देत नसत.

तापीकाठ: भावना समजते. पण असली नावं आता कौतुकाने मिरवू नयेत. साताऱ्यात 2011 साली नकुसा नावाच्या मुलींची नावं समारंभ करून बदलली, ते योग्यच झालं. नाव शुद्ध आणि अर्थपूर्ण असावं.

भरीतवाली: नकुसा आणि सुपडू एका पंगतीत बसवू नका! नकुसा म्हणजे मुलगी नको झाली. सुपडू म्हणजे इतका हवासा की हवा आहे असं तोंडाने म्हणायचीही भीती. आणि हे फक्त मुलग्यांचं नाही, माझी सख्खी आत्या सुपडाबाई. तीन भावंडं गेल्यावर ती जगली. तिच्या नावाला अशुद्ध म्हटलेलं मला सहन होत नाही.

निवृत्त मास्तर: शुद्धच हवं असेल तर 'ऐतरेय ब्राह्मण' या वैदिक ग्रंथातले तीन भाऊ घ्या: शुनःपुच्छ, शुनःशेप, शुनोलांगूल. तिन्ही नावांचा अर्थ कुत्र्याचं शेपूट. त्यातल्या शुनःशेपाला बापाने 100 गाईंना विकलं.

तापीकाठ: ते विकणं बळी देण्यासाठी होतं, जगवण्यासाठी नव्हे. उदाहरण उलटं आहे.

भरीतवाली: हे मान्य. पण नशिराबादला झिपरू अण्णा महाराजांपुढे हात जोडताना नाव कुणाला खटकतं का?

शिरपूरचा: आणखी एक. आमच्याकडे अख्ख्या गल्लीत पाटील, पलीकडे चौधरी नाहीतर महाजन. कवयित्री बहिणाबाईंचंच बघा, असोद्याचं माहेर महाजन, जळगावचं सासर चौधरी. दोन्ही आडनावं गावकीच्या मानाची. आडनावाने माणूस सापडतच नाही, म्हणून पोस्टमनला उखर्डू, सुपडू ही नावंच उपयोगी पडत. आता गल्लीत चार आरव पाटील आहेत.

मेहरूणचं बोर: आज आजीला फोन केला. सुपडूला विकत घेणारी होती शेजारच्या नथ्थूची आई. आता हे नथ्थू कुठून आलं?

निवृत्त मास्तर: 'नाथ'वरून. चांगदेव-मुक्ताईचा मुलूख आहे हा, नाथपंथाची छाया इथे जुनी.

भरीतवाली: नाही मास्तर, नथेवरून. मुलाचं नाक टोचून नथ घालायची, म्हणजे मुलगी समजून नजर लागत नाही.

निवृत्त मास्तर: मग नथू होईल. 'थ्थ' कुठून आला?

शिरपूरचा: दगडूला हाक मारताना आपण 'दग्गडू' म्हणतोच की. माझे काका नथ्थू. ऐंशी वर्षांचे होऊन गेले, तरी उजव्या नाकपुडीवर भोकाची खूण होती. लहानपणी मी तिथे बोट लावून बघायचो.