पेसमेकर बसवल्यापासून ईसीजी रुंद दिसतो, हा नवा आजार समजावा का?

प्रश्न (दारव्हा तालुका)
माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. तीन वर्षांपूर्वी कापूस वेचणीच्या दिवसांत ते धुऱ्यावर चक्कर येऊन पडले; नाडी ३४ भरली आणि ‘कम्प्लीट हार्ट ब्लॉक’ (हृदयाच्या वरच्या कप्प्यांतील विद्युत लहर खालच्या कप्प्यांत पोहोचतच नाही अशी स्थिती) निघाल्याने पेसमेकर बसवावा लागला. त्यानंतर चक्कर आली नाही. मात्र गेल्या आठवड्यातील ईसीजीत प्रत्येक ठोक्याआधी एक बारीक उभी रेघ आणि तिच्यामागे रुंद, बेढब ठोका दिसतो, आणि मशीनच्या छापील अहवालात ‘लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक’ असे आले आहे. यंत्राच्या सवयीने हृदय स्वतःचे ठोके विसरते का?

उत्तर (वर्धा, ईसीजी तंत्रज्ञ)
भाऊ, ती उभी रेघ म्हणजे पेसमेकरने दिलेला विद्युत संकेत आहे. निरोगी हृदयात लहर जलद तंतूंमधून उतरते आणि खालचे दोन्ही कप्पे साधारण ८० ते १०० मिलिसेकंदांत जवळजवळ एकदमच चेततात. पेसमेकरची तार बहुधा उजव्या खालच्या कप्प्यात असते. तेथून निघालेली लहर, पाट सोडून ढेकळांतून वाट काढणाऱ्या पाण्यासारखी, स्नायूतून स्नायूत सावकाश सरकते आणि पुष्कळदा १५० मिलिसेकंदांहून अधिक वेळ घेते. डावा कप्पा मागाहून चेततो, म्हणून मशीन ‘लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक’, म्हणजे डाव्या बाजूची लहरीची वाट अडली आहे, असे लिहिते. हा नवा आजार नव्हे.

विसरण्याबाबत सांगायचे तर मूळ ब्लॉकच कालांतराने वाढू शकतो, आणि यंत्र अचानक थांबल्यास स्वतःचे ठोके लगेच उमटतीलच असे नाही. हृदयाची एक वेगळी ‘आठवण’ मात्र खरी आहे: काही काळ पेसिंग (यंत्राने ठोके चालवणे) झाल्यावर स्वतःचे ठोके परतले, तरी ईसीजीतील टी लहरी (प्रत्येक ठोक्याच्या रेघेनंतर येणारे गोलसर उंचवटे) काही दिवस किंवा आठवडे उलट्या राहतात. त्या पाहून हार्ट अटॅकची शंका येऊ शकते, म्हणून पेसमेकर असल्याचे प्रत्येक डॉक्टरांना आधी सांगावे.

उत्तर (मोर्शी)
वरील माहिती बरोबर आहे, पण एवढ्यावर निश्चिंत राहू नका. माझ्या आईला पेसमेकर बसवल्यावर चौथ्या वर्षी अंगण झाडतानाही दम लागू लागला. गावातील डॉक्टरांनी तो वयाचा समजला आणि त्यात सहा महिने गेले. नागपूरला इको (हृदयाची सोनोग्राफी) केला तेव्हा पंपिंग (दर ठोक्याला डाव्या कप्प्यातून बाहेर जाणाऱ्या रक्ताचे प्रमाण) ६० वरून ३८ टक्क्यांवर आले होते. तिसरी तार घालून दोन्ही कप्पे एकत्र चालवल्यावर ते ५० पर्यंत सावरले.

उत्तर (वर्धा, ईसीजी तंत्रज्ञ)
ताईंनी सांगितलेले सर्वांना होत नाही, परंतु ज्यांचे पेसिंगचे प्रमाण जास्त असते त्यांना पंपिंग असे कमी होण्याचा धोका अधिक असतो. त्यामुळेच अलीकडे तार थेट डाव्या जलद तंतूंच्या जवळ बसवण्याची पद्धत वाढली आहे. तपासणीच्या वेळी पेसिंगची टक्केवारी विचारा आणि आधीच्या इकोशी आताचा इको ताडून पाहा.

प्रश्नकर्ता
पेसमेकरच्या कार्डासोबतचा कागद पाहिला; पेसिंग ९८ टक्के आहे. इको मात्र तीन वर्षांत एकदाही झालेला नाही. मंगळवारी जुने ईसीजी घेऊन बाबांना सेवाग्रामला नेतो.