अंतुल्यांचा काळ : तुमच्या घरात काय आठवतं?

जून १९८० ते जानेवारी १९८२. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री म्हणून उणीपुरी दीड वर्षांची कारकीर्द, पण रायगडात चार म्हातारे जमले की बॅरिस्टर अंतुल्यांवरून अजून जुंपते. पेपरातलं सगळ्यांनी वाचलंय; घरातलं लिहा. सुरुवात मीच करतो.

आमच्या शेजारी एक काकी होती. विधवा, मूलबाळ नाही, नजर गेलेली. संजय गांधी निराधार योजना सुरू झाली आणि पोस्टमन तिच्याकडे मनीऑर्डर घेऊन यायला लागला. अंगठा मी टेकवायचो. नोटा ती मोजायची नाही. फॉर्मवरचं आपलं नाव मात्र दर वेळी मोठ्याने वाचायला लावायची. संजय गांधी कोण, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. तिच्या लेखी ते ‘अंतुल्याचे पैसे’.

*

काकीचं ऐकून बरं वाटलं, पण आमच्या घरात विषय सिमेंटचा. वडिलांचं घर लिंटेलपर्यंत येऊन अडलं होतं. परमिटसाठी खेटे, मग काळ्या बाजारातून दोन गोण्या, त्यात निम्मी राख. आई रिकामी गोणीसुद्धा परातीत झटकून घ्यायची. टंचाई देशभर होती, नियंत्रणही आधीपासूनचं, तेव्हा आमच्या स्लॅबचं खापर मी अंतुल्यांवर फोडत नाही. पण अंतुल्यांनी काढलेल्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानला देणगी आणि बिल्डरला सिमेंट, हा संबंध मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. लेंटिन यांनी निकालात मांडला, तेव्हा वडिलांनी तो पेपर घडी घालून ट्रंकेत ठेवला. अजून आहे.

*

भवानी तलवार लंडनहून आणणार होते. आली का?

*

तलवारीचं सोडा, नाव तरी दिलं. १९८१ ला कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला तेव्हा मी चौथीत. गुरुजींनी नकाशावर पट्टी चिकटवली, ती पावसाळ्यात सुटली आणि खालून पुन्हा कुलाबा. लोकसभेचा मतदारसंघ तर पुढे कैक वर्षं कुलाबाच होता!

*

मी कुवेतहून लिहितेय, माहेर म्हसळ्याकडचं. महाराष्ट्राला आजवर मिळालेला एकच मुसलमान मुख्यमंत्री, तोही आमच्या तालुक्यातल्या आंबेतचा. राजीनाम्यानंतर वर्गातली पोरं मला ‘सिमेंट’ म्हणायची. बाबांना विचारलं, खरंच खाल्ले का पैसे? ते म्हणाले, ‘बाकीच्यांना कुणी विचारतं का?’ हे उत्तर नव्हे, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी २००९ च्या लोकसभेला अंतुले शिवसेनेच्या अनंत गीत्यांकडून हरले, त्या रात्री आमच्याकडे कुणी धड जेवलं नाही.

*

वकील म्हणून एवढंच, की अंतुल्यांवरच्या भ्रष्टाचाराच्या खटल्याचं गुऱ्हाळ वेगळंच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ ला तो उच्च न्यायालयाकडे सोपवला आणि १९८८ ला सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने म्हटलं, आमचा तो आदेशच चुकीचा होता. निकाल आम्हाला अभ्यासाला होता. पोरं ‘अंतुले’ म्हणजे माणूस नव्हे, केस समजायची.

*

पुन्हा मीच. काकीचं पुढे काय, असं दोघांनी विचारलंय. ती गेली त्याच महिन्यात मनीऑर्डर आली. पोस्टमनने ओसरीवर बसून फॉर्मवर ‘मयत’ लिहिलं, तांब्याभर पाणी प्यायला आणि पैसे परत घेऊन गेला.