एक्सव्ही६: ‘स्विच’ फंक्शन बोलावते एक, परतते दुसरेच, हे कसे?

प्रश्न (तिसरे वर्ष, संगणकशास्त्र):
एमआयटीने २००६ साली विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी तयार केलेली एक्सव्ही६ ही छोटी ऑपरेटिंग सिस्टीम मी तिच्या रिस्क-फाइव्ह (एक प्रोसेसर-रचना) आवृत्तीत वाचत आहे. ‘फोर्क’ (नवी प्रोसेस, म्हणजे चालता प्रोग्रॅम, निर्माण करणे) समजला, परंतु सीपीयू एका कामावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या ‘स्विच’पाशी आठ दिवस अडले आहे. एक प्रोसेस ते फंक्शन बोलावते आणि त्यातून बाहेर पडल्यावर चालू असते भलतेच काही. शिवाय प्रोग्रॅम काउंटर (कोणती सूचना चालू आहे तो पत्ता) कोठेच जतन केलेला दिसत नाही. मग ती प्रोसेस पुन्हा सुरू होते ती नेमकी कोठून?

उत्तर १:
‘स्विच’ थेट दुसऱ्या प्रोसेसकडे जात नाही, त्या सीपीयूच्या शेड्युलरकडे (पुढे कोणती प्रोसेस चालवायची ते ठरवणाऱ्या भागाकडे) जाते, हे प्रथम लक्षात घ्यावे. त्यात सीपीयूमधील १४ रजिस्टरे, म्हणजे आरए (परतीचा पत्ता), एसपी (स्टॅकचा, म्हणजे फंक्शनांची तात्पुरती माहिती ठेवण्याच्या जागेचा, माथा) आणि एस० ते एस११, जुन्या कॉन्टेक्स्टमध्ये (रजिस्टरे जपून ठेवण्याच्या जागेत) लिहिली जातात, तीच नव्या कॉन्टेक्स्टमधून भरली जातात आणि शेवटी ‘रेट’ (फंक्शनमधून परतण्याची सूचना) येते. ‘रेट’ आरएमधील पत्त्यावर जाते, आणि तो आरए आता शेड्युलरचा असतो: त्याने प्रोसेसकडे जाताना स्वतः ‘स्विच’ बोलावले होते, त्याच्या लगेच पुढची जागा. म्हणूनच प्रोग्रॅम काउंटर वेगळा ठेवावा लागत नाही. एसपी बदलताच स्टॅकही बदलतो. उरलेल्या रजिस्टरांपैकी जी पुढे लागणार असतात ती सी कंपायलरने आधीच जुन्या स्टॅकवर ठेवलेली असतात.

मूळ युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत याच कामाच्या कोडवर ‘हे तुम्हांला समजावे अशी अपेक्षा नाही’ अशी टिप्पणी होती. तेव्हा आठ दिवस लागले याचे वाईट वाटून घेऊ नये.

प्रश्नकर्ती:
मनःपूर्वक आभार. पण जी प्रोसेस नुकतीच जन्मली, तिने तर ‘स्विच’ कधी बोलावलेलेच नसते. तिचा आरए कोठून येतो?

उत्तर २:
तो हाताने भरलेला असतो. ‘अ‍ॅलॉकप्रॉक’ फंक्शन नव्या प्रोसेसच्या कॉन्टेक्स्टमध्ये आरए म्हणून ‘फोर्करेट’चा पत्ता आणि एसपी म्हणून तिच्या कर्नल स्टॅकचा (ऑपरेटिंग सिस्टीमचा कोड तिच्यासाठी वापरतो त्या स्टॅकचा) माथा ठेवते, त्यामुळे पहिली ‘रेट’ सरळ तेथे पोहोचते. ‘फोर्करेट’ सर्वप्रथम प्रोसेसचे लॉक (तिच्या माहितीत एका वेळी एकानेच बदल करावा म्हणून लावलेले कुलूप) सोडते, कारण ते लॉक शेड्युलरने धरलेले असते. एकाने लावायचे आणि दुसऱ्याने सोडायचे, ही या कोडमधील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट आहे. क्यूईएमयू (संगणकाची नक्कल करणारा प्रोग्रॅम) एकाच सीपीयूवर चालवा, जीडीबीत (कोड पायरीपायरीने तपासण्याच्या साधनात) ‘स्विच’वर ब्रेकपॉइंट (थांबा) लावा, आणि ‘रेट’च्या आधी व नंतर आरए आणि एसपी वहीत उतरवून घ्या.