बाबांना गहुली दाखवायची आहे, पुसदकडच्या लोकांनी जरा सांगा

अकोलेकर_विन्या
नमस्कार मंडळी. आमचे बाबा ऐंशीच्या घरात आहेत, पंचायत समितीत कृषी विस्तार अधिकारी होते, ऐन उमेदीत सायकलवर हायब्रीड ज्वारीच्या बियाण्याच्या थैल्या बांधून गावोगाव फिरलेले. वसंतराव नाईक म्हणजे त्यांच्यासाठी देवच, घरात गणपतीच्या बाजूला फोटो आहे यावरून समजून घ्या. आता हट्ट धरलाय की एकदा मला त्यांच्या गावाला, गहुलीला ने. मी स्वतः पुसदच्या बाजूला कधी गेलेलो नाही. 1 जुलैला नाईकांच्या जयंतीचा कृषी दिन असतो तर त्या दिवशीच न्यावं का? अकोल्याहून कारने कुठून यायचं, वाशिमकडून की मानोऱ्याकडून? आणि मेन म्हणजे तिथे असं उठून गेलं तर चालतं का, म्हणजे घर वगैरे बघता येतं का, की गावातले लोक म्हणतील हे कोण आले बाप्पा? बाबांचे गुडघे गेलेले आहेत, फार चालणं होत नाही.

पुसदवाला
भाऊ, 1 जुलैले अजिबात नका आणू. त्या दिवशी पुढाऱ्यांच्या गाड्या, हारतुरे, भाषणं, पोलीस, त्यात वरून पाणी अन् खाली चिखल, ऐंशीच्या माणसाले टेकायले जागा भेटणार नाही. अन् गावातला माणूस पेरणीत असते, तुमच्याशी बोलायले कोण मोकळं राह्यते तवा? डिसेंबर-जानेवारीत या, ऊन कोवळं राह्यते, शिवारात तूर उभी असते, कापूस वेचणं चालू असते, म्हाताऱ्या माणसाले दोन गोष्टी करायले माणसं पण भेटतात.
रस्ता दोन्हीकडून आहे, पण मी म्हणन मंगरूळपीर-मानोरा-दिग्रस असे या, म्हणजे पोहरादेवीचं देवस्थान वाटेतच होते. वाशिमकडून आलं तं पुसदच्या अलीकडे घाट लागते, गुडघ्यावाल्याले गाडीत हेलकावे खाणं काही बरं नाही. जेवण पुसदातच उरकून घ्या, गावात हॉटेलच्या भरोशावर राहू नका.
घराचं म्हणाल तं ते कोणाचं तरी घर आहे, टाळं-तिकीट लावलेलं म्युझियम नोहे. आधी ग्रामपंचायतीत जाऊन सांगा की बाबा अमुक खात्यात होते, फक्त पाह्यले आलो. तेवढं सांगितलं की पुढचं आपोआप होते.

तांड्यावरचा_पोरगा
जय सेवालाल. मी दिग्रसकडच्या तांड्यावरचा. दादा लोक कोण आले म्हणणार नाहीत, उलट चहा घेतल्याशिवाय सोडणार नाहीत, तुम्हीच घाईत असाल तर पंचाईत.
जायच्या आधी एक डोक्यात ठेवा की गहुली म्हणजे वाडा-बुरूज असलेलं पाटलाचं गाव नाही, तो आमच्या बंजारा लोकांचा तांडा आहे, वसंतरावांच्या आजोबांनी म्हणजे चतुरसिंग नाईकांनी वसवलेला. 1913 साली तिथे जन्मलेला पोरगा नागपूरला जाऊन वकील होतो, घाटे आडनावाच्या ब्राह्मण घरातल्या वत्सलाबाईंशी लग्न करतो, तेही स्वातंत्र्याच्या आधी, दोन्हीकडे काय गदारोळ झाला असेल विचार करा, आणि मग 1963 ते 1975 सलग अकरा वर्षांच्या वर मुख्यमंत्री. आणि लोक विसरतात पण सुधाकरराव नाईक पण तिथलेच, गहुलीचे सरपंच म्हणून सुरुवात केली आणि 1991 ला मुख्यमंत्री. एका तांड्याने राज्याला दोन मुख्यमंत्री दिले, आमच्याकडे लहान पोरालाही पाठ असतं हे.
एक विनंती, फेट्या-कांचळी (आमच्याकडचा घागरा-चोळी) घातलेल्या म्हाताऱ्या याड्या, म्हणजे आया, दिसल्या की शहरातले लोक लगेच मोबाईल काढतात, तसं करू नका. आधी बोला, विचारा, मग त्या स्वतःच ठसक्यात उभ्या राहतील. पोहरादेवीला आमचे संत सेवालाल महाराजांची समाधी आहे, बाजूला बंजारा समाजाचं नंगारा वास्तुसंग्रहालय 2024 मधे सुरू झालं, बाबांना आवडेल. फक्त रामनवमीच्या आसपास येऊ नका, यात्रेत गाडी कुठे लावायची हाच प्रश्न होतो.

कास्तकार_77
सगळं ठीक आहे पण देव-बिव म्हणणं बंद करा राव. दोन मुख्यमंत्री दिले म्हणता अन् पुसदात अजून रेल्वेची शिट्टी नाही, वर्धा-यवतमाळ-नांदेड लाईन होऊन रायली होऊन रायली ऐकून आमचे केस पांढरे झाले, 2024 मधे गाडी कशीबशी कळंबपर्यंत आली. यवतमाळ जिल्ह्याचं नाव पेपरात कशासाठी येते सगळ्याईले माहीत आहे. अन् शेतकऱ्याईच्या आत्महत्या थांबवासाठी सरकारनं मिशन काढलं त्याले नाव काय, तं वसंतराव नाईक शेती स्वावलंबन मिशन! आता हसावं का रडावं. हायब्रीडचंही सांगतो, आमच्या आजाची गावरान ज्वारी डोक्याच्या वर जाये, बैलाले वर्षभराचा कडबा होये. हायब्रीड आली, बुटकी, कडबा अर्धा, अन् ऐन कापणीले पाणी आलं की दाणा काळा ठिक्कर. ती भाकर कोणी गोड म्हणून खाल्ली काय?

कारंजाचे_गुरुजी
कास्तकार भाऊ, राग समजतो, रेल्वेचं म्हणणं तर शंभर टक्के खरं. पण तुम्ही मिलो ज्वारी खाल्ली नाही म्हणून असं बोलता. रेशनच्या दुकानातून अमेरिकेची तांबडी मिलो आणायला आईने मला लाईनीत उभं केलेलं आहे, भाकरी थापायला गेलं की चिरायची आणि गिळताना घशाला लागायची. त्यापुढे काळी हायब्रीड कधीही बरी, निदान आपल्या रानातली होती.
72 च्या दुष्काळात आमच्या घरचे सगळे रोजगार हमीवर होते. वडील खडी फोडायचे, आई टोपलं उचलायची आणि आम्ही पोरं सुकडी वाटायची वेळ झाली की पातेल्याभोवती घुटमळायचो. कल्पना विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागेंची, पण ती कामं काढली नाईकांच्या सरकारने. कापसाची एकाधिकार खरेदी, म्हणजे सगळा कापूस सरकारनेच घ्यायचा, ती त्यांच्याच काळातली, अकोल्याचं कृषी विद्यापीठ पण 1969 चं. नंतरच्या लोकांनी एकाधिकाराची वाट लावली, त्याचं बिल आधीच्याच्या नावावर फाडू नका. देव म्हणू नये हे मात्र मलाही पटतं, देव म्हटलं की हिशोब विचारायची सोय राहत नाही.

अकोलेकर_विन्या
सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना सगळं वाचून दाखवलं. मला वाटलं कास्तकार भाऊंच्या पोस्टवर भडकतील, तर ते म्हणे एकदम बरोबर बोलतोय हा माणूस. सीएसएच-1 ही हायब्रीड ज्वारी म्हणे गावरानपेक्षा लवकर निसवायची, त्यामुळे दाणा भरायला आणि पाऊस यायला एकच गाठ पडायची, आणि लोक ते काळं कणीस घेऊन थेट पंचायत समितीत यायचे आणि यांच्या टेबलावर आपटायचे. पण पोतं मोजताना तेच लोक गप्प असायचे, हेही म्हणाले. आता त्यांना कास्तकार भाऊंना पण भेटायचंय, बोला.
तर डिसेंबर फिक्स, मानोऱ्याकडून येतो, वाटेत पोहरादेवी, मग पुसदला मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गहुली. पुसदवाला भाऊ, लॉजमधे खालच्या मजल्यावर रूम आणि कमोड मिळेल अशी सोय होईल का?

पुसदवाला
होते ना, काऊन नाही होत. निघायच्या आठ दिवस आधी मेसेज टाका, मी स्वतः जाऊन रूम पाहून ठेवतो. दिग्रसच्या पुढं रस्त्याचं काम चालू असलं तं ते पण तवाच सांगतो.

कास्तकार_77
बाबाले घेऊन या इकडं पण, चहा आपल्याकडं. पण फोटो गणपतीच्या बाजूचा काढा पह्यले 😄