१.३ मल्टिजेट खरंच ‘देशाचं इंजिन’ होतं, की सगळी स्वस्त डिझेलची पुण्याई?

गोदाकाठचा_मामा

मागच्या आठवड्यात गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर लग्न होतं. नवरदेव तासभर उशिरा, म्हणून पार्किंगमध्ये रेंगाळत होतो. एका ओळीत स्विफ्ट, डिझायर, व्हिस्टा, अर्टिगा, धुळीनं माखलेली एक लिनिआ आणि शेव्हर्लेची सेल. सगळ्या डिझेल. लोगो चार, बॉनेट उघडलं तर इंजिन एकच: फियाटचं १.३ मल्टिजेट, १२४८ सीसी, चार सिलिंडर. मारुतीनं त्याला डीडीआयएस म्हटलं, टाटांनी क्वाड्राजेट, शेव्हर्लेनं स्मार्टेक. बारसं तेवढं ज्याच्या त्याच्या घरी झालं.

विषय काढायचं कारण आमचा भाचा. त्याला २०१४ ची अर्टिगा डिझेल घ्यायचीय, १ लाख ३८ हजार चाललेली. मी नको म्हणतोय. तो म्हणतो, ‘मामा, ते देशाचं इंजिन आहे.’ हे वाक्य ऐकून ऐकून कान किटले. माझं मत असं की इंजिन ठीकठाक होतं, चाललं ते डिझेलच्या भावामुळे. २०१२ साली पेट्रोल सत्तरच्या पुढे आणि डिझेल पन्नाशीच्या आत. त्या दिवसांत बॉनेटखाली पाण्याचा पंप बसवून दिला असता तरी लोकांनी सहा महिने वेटिंग केलं असतं. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव मोकळे झाले, फरक आटला, आणि एप्रिल २०२० ला बीएस-६, म्हणजे धुराचे कडक नियम, आल्यावर मारुतीनं डिझेलला रामराम ठोकला. कौतुक पुरे झालं. पटत नसेल तर बोला.

सातपूरचा_फिटर

मामा, नाही पटत.

डिझेल नव्वदच्या दशकातही स्वस्तच होतं. तेव्हा मारुतीनं झेन आणि एस्टीममध्ये प्यूजोचं १५२७ सीसीचं डिझेल घातलं होतं. आज त्या गाड्या किती जणांना आठवतात? इंडिकाचं १४०५ सीसी डिझेल खपलं, भरपूर खपलं, पण ते सिग्नलला उभं असलं की आरशात मागची गाडी एकाची दोन दिसायची. डिझेल स्वस्त असणं ही एक गोष्ट, आणि पेट्रोल गाडीतून उतरलेल्या माणसाला डिझेल गाडी घरी न्यावीशी वाटणं ही दुसरी. जानेवारी २००७ मध्ये हे इंजिन घेऊन स्विफ्ट डिझेल आली तेव्हा ती दुसरी गोष्ट घडली.

का घडली ते सांगतो. जुन्या डिझेलमध्ये सगळं तेल एका दमात आत मारलं जायचं, भडका एकदम, म्हणून तो खटखटाट. कॉमन रेल पद्धतीत तेल आधीच दाबाखाली रेलमध्ये, म्हणजे सगळ्या सिलिंडरच्या सामाईक नळीत, तयार असतं आणि नोझल कधी, किती वेळ उघडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. या कॉमन रेलचं मूळ काम फियाटच्या संशोधन केंद्रात आणि मॅग्नेटी मारेल्ली या पार्ट्सच्या कंपनीत झालं, पुढे ते बॉशकडे गेलं, आणि १९९७ ला अल्फा रोमिओ १५६ मध्ये बाजारात आलं. मल्टिजेट ही त्याची पुढची पायरी: एकाच स्ट्रोकला पाचपर्यंत फवारे. आधी थेंबभर, मग मोठा, मग परत थोडासा. फोडणीत मोहरी तडतडू द्यायची आणि मग बाकीचं घालायचं, तसं.

आणि हे केवढ्याशा इंजिनात! बोअर, म्हणजे सिलिंडरची रुंदी, ६९.६ मिलिमीटर, आपल्या चहाच्या कपाचं तोंड. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, ८२. त्यात सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, वर दोन कॅमशाफ्ट, व्हॉल्व्ह वेळेवर उघडायच्या टायमिंगला बेल्ट नाही, चेन. २००३ ला आलं आणि २००५ ला १ ते १.४ लिटर गटात ‘इंजिन ऑफ द इयर’ झालं. तिथल्या परीक्षकांना आपल्याकडच्या डिझेलच्या सबसिडीशी काय देणंघेणं?

गोदाकाठचा_मामा

मोहरीचं आवडलं. पण बक्षीस युरोपात मिळालं, गाड्या इथं विकल्या गेल्या. परीक्षक वेगळा, गिऱ्हाईक वेगळं.

कसारा_दुसरा_गिअर

तुमचं चालू द्या. मला एवढंच सांगायचंय की ‘मल्टिजेट’ म्हणून सरसकट बोलू नका. त्यात दोन जाती. एक ७५ पीएसवाली (पीएस म्हणजे घोड्यांची ताकद), साधा टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारं चक्र: स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, व्हिस्टा. दुसरी ९० पीएसवाली, व्हीजीटी टर्बो: एसएक्स४, अर्टिगा, सिआझ, ब्रेझा. फियाटनं स्वतःच्या लिनिआत तीच ९३ पर्यंत नेली.

घरात दोन्ही जाती चालवल्यात, कंपन्यांची नावं घेत नाही. आकडे बघा. ताकद १५ नं जास्त, टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, मात्र १९० चा २००, म्हणजे फक्त १० न्यूटन मीटर. कसारा घाट चढताना पुढे कांद्याचा ट्रक, वेग वीस-पंचवीस. ७५ वाली दुसऱ्या गिअरमध्ये कुरकुरत का होईना ओढते. ९० वाली आरपीएमचा (इंजिनाच्या फेऱ्यांचा) काटा २००० च्या खाली आला की झोपते. तुम्ही पाय दाबताय, मागचा हॉर्न वाजवतोय, बायको आपल्याकडे बघतेय. मग एकदम काटा वर उसळतो आणि ट्रकच्या फाळक्यावरचं ‘हॉर्न ओके प्लीज’ नाकासमोर. त्यामुळे भाच्याला सांगा, घ्यायचीच तर ७५ वाली घे.

वणीगड_रविवार

दादा, यात दोष गाडीचा कमी आणि गिअरच्या हाताचा जास्त.

व्हीजीटी म्हणजे काय ते आधी बघू. गंगापूर धरणाचा दरवाजा थोडासाच उघडला की पाणी कसं जोरात फेकलं जातं? टर्बोच्या चक्राभोवतीची पाती तेच करतात. इंजिन हळू फिरत असताना वाट अरुंद, म्हणजे थोडासा धूरही चक्राला जोरात फिरवतो. वेग वाढला की पाती उघडतात. तत्त्व बघता व्हीजीटीनं खालचा ओढा सुधारायलाच हवा. पण ९० पीएसची सगळी बांधणी वरच्या ताकदीसाठी केलेली, म्हणून ती खाली सुस्त वाटते, इतपत तुमचं मान्य.

मी नांदुरीहून गडावर सात माणसं घेऊन कितीदा गेलोय. वळणाच्या आधीच गिअर पाडायचा, काटा २००० च्या खाली येऊच द्यायचा नाही. मग ७५ वाली जिथं दम टाकते तिथं ही गाणं म्हणत चढते. आणि मुंबई हायवेला ओव्हरटेक करताना ते १५ घोडे कुठे असतात ते ७५ वाल्यांना विचारा.

कसारा_दुसरा_गिअर

सात माणसं खाली उतरून ढकलत असतील.

निफाडची_थंडी

टर्बोवर भांडताय, मरते ती चेन.

स्वतःची फजिती सांगतो, गाडी कुठली ते विचारू नका, चूक माझीच. द्राक्षाचा सीझन, दिवसभर बागेत, रात्री पॅकहाउसला. ऑइल दहा हजाराला बदलायचं ते मी सतरा हजारावर नेलं, आणि टाकलं तेही रस्त्यावरच्या डब्यातलं, स्वस्त मिळालं म्हणून. डिसेंबरात आमच्याकडे पहाटे काय थंडी असते ते नाशिककरांना सांगायला नको. किल्ली फिरवली, हीटरचा पिवळा दिवा विझला, सेल्फ मारला, आणि पुढून दोन सेकंद आवाज आला, बरणीत सुपाऱ्या हलवल्यासारखा. मग गप्प. मी म्हटलं, गारठ्यामुळं असेल. महिनाभर रोज तोच आवाज, दोनाचे चार सेकंद झाले. शेवटी फिटरनं उघडून दाखवलं: चेन सैल, तिला ताणून धरणारा टेन्शनर पार बाहेर आलेला. तो ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल घाण झालं की चेनला धरून ठेवणारंच कुणी उरत नाही. एखादा दात सुटला असता तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून हेड गेलं असतं.

चेन आहे म्हणजे बघायला नको, असं सगळे सांगतात. बघायला लागतं.

सातपूरचा_फिटर

शंभर टक्के. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ गाड्यांचं दुखणं ऑइलपाशीच सुरू होतं. त्यानंतर नंबर ईजीआरचा, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा. गावातल्या गावात, कॉलेज रोड ते शालिमार, तिसऱ्या गिअरच्या वर न जाणारी डिझेल काजळी धरणारच. आठवड्यातून एकदा हायवेला नेऊन तिला मोकळा श्वास घेऊ द्या.

अंबड_शिफ्ट_बी

मला वेगळंच खटकतं. एवढा मोठा देश, एवढ्या कंपन्या, आणि सगळ्यांनी एकाच इटालियन इंजिनावर दहा-बारा वर्षं काढली. याला अभिमानानं ‘देशाचं इंजिन’ म्हणायचं? मारुतीनं स्वतःचं १.५ डिझेल आणलं ते २०१९ ला, आणि वर्षभरात दुकान बंद.

सातपूरचा_फिटर

भाऊ, डिझाईन इटलीचं, पण ओतलं, घडवलं, जुळवलं ते मानेसरला आणि फियाटच्या कारखान्यात, आपल्या रांजणगावला. मानेसरचं उत्पादन पुरेना म्हणून २०१२ ला मारुतीनं फियाटशी वर्षाला एक लाख इंजिनांचा करार केला होता. ज्या कंपनीशी शोरूममध्ये भांडायचं तिच्याकडूनच इंजिन घ्यायचं, असा मामला.

आणि शेव्हर्लेकडे हे इंजिन कसं, तीही गंमतच. फियाट आणि शेव्हर्लेची मालक जनरल मोटर्स (जीएम) यांची इंजिनात भागीदारी होती. २००५ ला काडीमोड झाला, जीएमनं दीड अब्ज युरोंहून जास्त मोजून सुटका करून घेतली, पण हे इंजिन वापरायचा हक्क दोघांकडेही राहिला.

अंबड_शिफ्ट_बी

घडवणं आणि आखणं यात फरक आहे. मीही दिवसभर दुसऱ्याच्या ड्रॉइंगवरच पार्ट काढतो, म्हणून बोललो.

वणीगड_रविवार

मामा, भाच्याचं काय ते बोला. दिल्लीसारखा डिझेलला दहा वर्षांचा नियम आपल्याकडे नाही, २०१४ च्या गाडीचं पासिंग २०२९ पर्यंत आहे. बघायला जाल तर पहाटे जा, मालकाला आधी फोन करू नका, आणि किल्ली लावण्याआधी बॉनेटवर हात ठेवा. गार असलं तरच चेनच्या आवाजाला अर्थ.

गोदाकाठचा_मामा

रविवारी जाऊन आलो. सकाळी साडेसहाला इंदिरानगरला पोचलो. भाच्यानं शहाणपणा करून रात्रीच मेसेज टाकला होता, ‘सकाळी येतोय’ म्हणून. बॉनेटवर हात ठेवला तर पोळी भाजून निघाली असती. मालक म्हणाले, आत्ताच दूध आणायला गेलो होतो. दुधाची पिशवी काही दिसली नाही.

गाडी चालवली, ओढ चांगली आहे, हे कबूल करतो. भाचा जाम खूश. मी सांगितलंय, बुधवारी पुन्हा येऊ, न सांगता. फिटरभाऊ, सहाला मोकळे असाल तर तुम्हीही चला, चहा माझ्याकडे.

सातपूरचा_फिटर

येतो. मालकाला सर्व्हिसची बिलं तेवढी काढून ठेवायला सांगा... नको, काहीच सांगू नका.