प्रतिसाद: रेघ बारीक आहे, मग स्क्रू कशाला?

माधुरीताई, तुमच्या भाच्याचा पाय राजवाड्याजवळ मुरगळला, पायाच्या करंगळीमागचं लांब हाड मोडलं, एक्स-रेत मोडल्याची रेघ बारीकच दिसते, तरी डॉक्टरांनी स्क्रू सुचवला, तो कशाला, असं तुम्ही विचारलंय. त्यावर वर बहुतेकांनी 'प्लास्टर घाला, पैसे वाचवा' असं लिहिलंय. मी इंदुरातच फिजिओथेरपी करते, म्हणून थोडी भर.

आधी विचारा, हाड नेमकं कुठे मोडलंय? अगदी मागच्या, टाचेकडच्या टोकाचा तुकडा निघाला असेल तर कडक तळाच्या बुटावर भागतं, तिथे स्क्रूची गरज सहसा नसते. पण त्याच्या जरा पुढे, बोटांच्या दिशेने असेल, तर ते जोन्स फ्रॅक्चर. रॉबर्ट जोन्स या ब्रिटिश सर्जनने 1902 मध्ये त्याचं वर्णन केलं, तेही नाचताना स्वतःचाच पाय मोडल्यावर! तिथे रक्तपुरवठा तोकडा असतो, त्यामुळे रेघ बारीक दिसली तरी हाड जुळायला रडवतं. प्लास्टरनेही जुळू शकतं, पण 6 ते 8 आठवडे पाय टेकायचा नाही. तुमचा भाचा क्रिकेट खेळणारा, तो कसला ऐकतोय!

स्क्रू हाडाच्या पोकळीतून लांबीने जातो. आधी बारीक तार, एक्स-रे मशीनवर तिची जागा बघायची, मग तिच्यावरून पोकळ स्क्रू. आटे मोडलेल्या रेघेच्या पूर्ण पलीकडे गेले तरच दोन्ही टोकं आवळली जातात. जवळून एक नस जाते, म्हणून नंतर पावलाची बाहेरची कड बधिर वाटू शकते. हे आधीच विचारून ठेवा.

आणि भाचा सिगारेट ओढत असेल तर ती मात्र बंद करायला लावा, तिने हाड जुळायला अडथळा येतो.