इंग्रजीचे अवघड शब्द: कुळं शिकावीत की वाक्यं?

तळटीप (धागाकर्ता)

जीआरई (परदेशातल्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा) किंवा एसएससीच्या (दहावी नव्हे, केंद्राच्या नोकरभरतीची स्टाफ सिलेक्शन कमिशनची परीक्षा) तयारीत शब्दयादी 'ए'पासून घोकायला घेतात आणि 'सी'पर्यंत पोचेतो दम संपतो. वर्णानुक्रमाने शेजारी आलेल्या शब्दांचा अर्थाने काही संबंध नसतो, त्यामुळे एकाच्या आधाराने दुसरा आठवत नाही. माझं ठाम मत आहे की शब्द कुळाने, म्हणजे एकाच मुळातून आलेले एकत्र, शिकावेत.

उदाहरणार्थ, लॅटिनमध्ये 'लोक्वी' म्हणजे बोलणे. एलोक्वंट आणि कलोक्वियल बहुतेकांना माहीत असतात. त्यांच्याच घरातले लोक्वेशस (बडबड्या), सर्कम्लोक्यूशन (आडवळणाचं बोलणं), ग्रँडिलोक्वंट (शब्दांचा फुलोरा करणारा), सोलिलोक्वी (स्वगत) आणि ऑब्लक्वी (चारचौघांत होणारी निंदा).

वहीचं एक पान एका कुळाला द्या. पहिला शब्द ओळखीचाच हवा, तो नसेल तर ते कूळ आज सोडा. नवे शब्द पाचाच्या वर नकोत. प्रत्येकापुढे एक पूर्ण वाक्य लिहा आणि १, ३, ७, २१ दिवसांनी पान झाकून आठवा. 'कृ'पासून कृती, विकृती, प्रकृती, संस्कृती सहज ओळखणाऱ्या मराठी माणसाला ही पद्धत परकी नाही.

उलटतपासणी

असहमत. संस्कृताचा दाखला तर तुमच्याच विरुद्ध जातो. प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार हे सगळे 'हृ' (नेणे) या धातूचे. उपसर्ग धातूचा अर्थ बळाने दुसरीकडे ओढून नेतो, असं वैयाकरणांचं जुनं वचन याच पाच शब्दांचा दाखला देतं. नुसत्या 'हृ'वरून विहाराचा अर्थ कुणाला लागेल?

इंग्रजीत तर सापळेच जास्त. पेडेस्ट्रियनमधला 'पेड' लॅटिन पायाचा, पेडॅगॉगमधला ग्रीक मुलाचा. बेलिकोजमध्ये युद्ध आहे, एम्बेलिशमध्ये सौंदर्य. नॉयसमचा नॉइजशी संबंध नाही, तो अनॉयच्या घरातला. अर्थ घाणेरडा, दुर्गंधी. एनर्व्हेट म्हणजे गळून जायला लावणे, पण विद्यार्थी हमखास 'उत्साह देणे' लिहितात. मेरिट्रिशस खरोखरच मेरिटच्या मुळातून आलाय आणि अर्थ आहे वरवरचा भपका! मूळ बरोबर ओळखूनही उत्तर चुकलं, तर त्या मुळाचा उपयोग काय?

तळटीप

@उलटतपासणी, मुळावरून अर्थ *ओळखा* असं मी म्हटलेलंच नाही. अर्थ शब्दकोशातूनच घ्यायचा. मूळ हवं ते घेतलेला अर्थ टिकवायला. मेरिट्रिशसचंच बघा: लॅटिन 'मेरेरे' म्हणजे कमावणे, त्यावरून वेश्येसाठीचा शब्द, त्यावरून दिखाऊ झगमग. ही वाट कळली की शब्द विसरणं अवघड.

गणगोत

तुम्ही 'कूळ' म्हणताय ते समान मुळाच्या शब्दांचं. भाषाशिक्षणात शब्दकूळ म्हणजे एकाच शब्दाची रूपं: ॲनालाइज, ॲनालिसिस, ॲनालिस्ट, ॲनालिटिकल. अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांच्या २००० सालच्या शैक्षणिक शब्दयादीत अशी ५७० कुळं आहेत आणि ती वारंवारतेने १० उपयाद्यांत लावली आहेत, पहिल्या ९ मध्ये प्रत्येकी ६०. परदेशी विद्यापीठात जाणाऱ्याने आधी ही संपवावी, ऑब्लक्वी नंतर.

पण इथेही एक रूप आलं म्हणजे बाकीची आली असं नसतं. श्मिट आणि झिमरमन यांनी २००२ मध्ये दाखवलं की शिकणाऱ्यांना नाम-क्रियापद बऱ्यापैकी येतं, विशेषण-क्रियाविशेषणात ते अडतात. म्हणून चारही रूपं वेगळी लिहा आणि आघात खुणेने दाखवा. फोटोग्राफमध्ये जोर पहिल्या अवयवावर (सिलेबलवर), फोटोग्राफीत दुसऱ्यावर, फोटोग्राफिकमध्ये तिसऱ्यावर. इकॉनॉमिक-इकॉनॉमिकल, इंडस्ट्रियल-इंडस्ट्रियस अशा जोड्या मात्र एकाच दिवशी घेऊ नका, त्या हटकून उलटसुलट होतात.

उलटतपासणी

हाच माझा पुढचा आक्षेप! टिंकम (१९९३) आणि वेअरिंग (१९९७) यांच्या प्रयोगांत सारखे शब्द एकत्र शिकणाऱ्यांना ते शिकायला जास्त कष्ट पडले. मग एका पानावर पाच भावंडं कशाला?

गणगोत

ते प्रयोग शर्ट-जाकीट-स्वेटर छापाच्या अर्थगटांवर होते, समान मुळाच्या शब्दांवर नव्हेत. पण त्यातून एक सावधगिरी घेण्यासारखी आहे: लोक्वेशस, गॅर्युलस, व्हर्बोस हे समानार्थी एकाच दिवशी घेऊ नयेत. लोक्वेशस आणि सोलिलोक्वी चालतील, कारण अर्थ लांबचे आहेत.

पाणवठा

परीक्षा कुठली ते आधी सांगा, मग वाद घाला. जीआरईतून विरुद्धार्थी शब्द आणि शब्दसंबंधांचे प्रश्न ऑगस्ट २०११ मध्येच गेले. आता वाक्यातली गाळलेली जागा भरायची असते, म्हणजे दो (though), दॅट इज, फार फ्रॉम अशा जोडणाऱ्या शब्दांवरून वाक्याची दिशा कळली नाही तर हजार मुळं पाठ असूनही गुण जातात. तिथे उलटतपासणींचं बरोबर. एसएससीत समानार्थी आणि 'अनेक शब्दांबद्दल एक शब्द' अजून विचारतात. रेजिसाइड, फ्रॅट्रिसाइड, मॅट्रिसाइड (राजाची, भावाची, आईची हत्या) किंवा ॲरिस्टोक्रसी, प्लूटोक्रसी, थिओक्रसी (उमरावांची, धनिकांची, धर्माची सत्ता) एका बैठकीत होतात. तिथे तळटीप यांची वही घ्या.

उलटतपासणी

एसएससीपुरतं मान्य. मात्र वहीत वाक्य स्वतः रचू नका, छापील लेखातलं उतरवा. स्वतःच्या वाक्यात 'लोक्वेशस स्पीच' लिहिलं जातं. तो शब्द बहुतांशी माणसाला लावतात, हे मूळ कधीच सांगणार नाही.

तळटीप

ही दुरुस्ती मान्य. पद्धतीत 'पूर्ण वाक्य'च्या जागी 'छापील वाक्य' असं वाचावं.